एक वीत खाली

१

दर रविवारी सकाळी साडेसहाला बारा शिकलेली माणसं घरचा एसी सोडून माझ्याकडे बांबू फाडायला येतात आणि मला ‘सर’ म्हणतात. मी चौथी पास. पाचवीत मास्तरांच्या खुर्चीखाली जिवंत खेकडा सोडला. तिथे माझं शिक्षण संपलं आणि मास्तरांचं सुरू झालं.

नाव माझं आनंदा. आम्ही खाडीवरचे कोळी. खाडीवर आता विमानतळ आलाय, गाव उठून प्लॉटात बसलंय आणि मी बाहत्तरीत. ठमाबाईच्या, म्हणजे आमच्या बायकोच्या, साखरेच्या डब्यात मीठ भरून ठेवण्यापलीकडे मला काही उद्योग नव्हता. अशात कामोठ्याची हेतल आली. डोक्याला रुमाल, पायात बूट, काखेत वही. माणूस रानात एकटा अडकला, जवळ काहीच नाही, तर आग कशी करायची, पाणी कुठे शोधायचं, मासा कसा मारायचा, याचा ती क्लास घेते. मी विचारलं, "कामोठ्यातून रानात अडकायचं तर किती रिक्षा बदलाव्या लागतात गो?"

ती हसली नाही. म्हणाली, "काका, भाला बनवता येतो का?"

"बनवता येतो, मारता येतो आनी त्याच्यावर खोटंबी सांगता येतं."

"पहिली दोन पुरे," ती म्हणाली.

तिसरंच शेवटी उपयोगी पडलं. ते सांगायलाच हे लिहितोय.

२

क्लास भरतो उलव्याच्या मागच्या खाणीवर. खाण म्हणजे आधी टेकडी होती. लहानपणी तिच्या माथ्यावर मी करवंदं खाल्लीत. ती सुरुंगाने फोडली, तिची खडी केली, खडी भरावात गेली आणि टेकडीच्या पोटात हा एवढा खड्डा उरला. तो पावसाने भरला. म्हणजे तळं माझ्या मोबाइलपेक्षा तरुण. पाणी काचेसारखं. कुणीतरी चिलापी मासे सोडले, ते वाढले. काठाला खडीमशीनची राखाडी भुकटी साचून चार हात रुंदीचा पट्टा झालाय, ओल्या पिठासारखा मऊ. अनवाणी पाऊल टाकलं की अंगठ्याच्या रेघा उमटतात. पट्ट्याच्या पुढे मात्र कड सरळ खाली गेलीय, म्हणून हेतलचा नियम: पाण्यात पाय घालायचा नाही. काठावर उभं राहायचं आणि तिथूनच मारायचं.

भाला सोपा. मनगटापेक्षा बारीक, उंचीपेक्षा हातभर लांब बांबू. टोकाकडून वीतभर चिरून त्याचे चार भाग करायचे. चीर खाली पळू नये म्हणून तिथे घायपाताच्या वाखाची दोरी घट्ट आवळायची. चिरेत दोन काड्या फुलीसारख्या घातल्या की चार बोटं फाकतात. ती कोयत्याने तासायची आणि निखाऱ्यावर शेकायची. शेकायची, जाळायची नाही. पहिल्या दिवशी प्रत्येक जण जाळतोच.

आग शिकवायला उदयसिंह आहे. साताऱ्याकडचा, पलटणीतून निवृत्त. मिशी अशी की फुंकर मारण्याआधी ती दोन्ही बाजूंना सारावी लागते. शनिवारी संध्याकाळी तो काठाचा पट्टा फळीने सपाट करतो, जशी काही जनरलसाहेबांची भेट आहे.

माझा कोर्स चार रविवारांचा. तीन रविवार सराव, चौथ्याला जिवंत मासा. सराव आधी जमिनीवर, दुधी भोपळ्यावर. मग काठावर उभं करून मी एकेकाला सांगतो, "भाला पान्यात बुडव. कसा दिसतो?"

"तुटलेला, सर."

"तुटला नाय तो. पानी थाप मारतंय, माझ्यासारखं. मासा दिसतो तिथं नसतो. दिसतो त्याच्या एक वीत खाली हान. आनी घोळक्यातला मोठा एक निवड, त्याच्यावरनं डोला काढू नको."

मग मी बांबूने खडकावर दोन ठोके देतो. टक, टक. तिसऱ्या ठोक्याला सगळ्यांनी मारायचं.

हे सगळं खरं शिकवणं. मधेमधे मी आपली गंमत करतो. आधीच्या तुकडीला सांगितलं होतं की खाणीतला दगड उचलायचा तर आधी त्याची परवानगी मागावी लागते. बारा जण, त्यात एक हाडांचा डॉक्टर, दगडांपुढे वाकून "घेऊ का?" विचारत होते. डॉक्टरला दोन दगड नाही म्हणाले. असं तोच सांगत होता.

३

या तुकडीत सत्यजीत नावाचा कॉम्प्युटरवाला होता. सव्वासहा फूट, पाय होडीसारखे. पहिल्या रविवारी मी त्याला म्हटलं, "तुला भाला कशाला? तू पान्यात निस्ता वाक, मासे भिऊन भायेर येतील." पोरगं मनमोकळं, सगळ्यांत जास्त तोच हसला.

दुपारी सगळे गेले. वाकडे झालेले भाले, काड्या, दोऱ्या गोळा करायला मी काठावर आलो. भुकटीत बारा जणांची पावलं उमटलेली. सत्यजीतची सगळ्यांत मोठी, पाण्यापासून हातभर अंतरावर, एखाद्याने छापा मारावा तशी.

त्या पावलांच्या मागे, बरोबर दोन विती सोडून, चार भोकं होती.

चौकोनात. चारबोट्या भाल्याची असतात तशी. मी म्हटलं, कुणीतरी गंमत म्हणून जमिनीत भाला खुपसला. पण आमच्या भाल्याची चार भोकं चहाच्या पेल्याच्या तोंडात मावतात. यांच्यामध्ये बशी ठेवता आली असती.

मी एक वाळकी काडी एका भोकात सोडली. काठावर उभ्या माणसाने खाली मारलं तर काडी त्या माणसाकडे झुकते. ही पाण्याकडे झुकली. दुसऱ्या भोकात घातली, तीही पाण्याकडे. चारही काड्या तळ्याकडे माना करून उभ्या राहिल्या.

मला फार आनंद झाला. खोटं नाही सांगत. मनात म्हटलं, आनंदा, इतक्या वर्षांनी कुणीतरी तुझीच खोड काढतोय आणि काम सुबक केलंय. खुणा करायला बसला, तिरप्या करायच्या हेही सुचलं! पलीकडे आग विझवणाऱ्या उदयसिंहाच्या मिशीकडे बघून मी डोळा मारला. त्याने माझ्याकडे बघून सलाम ठोकला. मला वाटलं, झालं, गडी सापडला.

४

दुसऱ्या रविवारी मी मुद्दाम उदयसिंहाला दिवसभर माझ्याजवळून हलू दिलं नाही. जेवायला शेजारी बसवला. त्याच्या ताकात मिरची घातली, तेही त्याने माझ्यासमोरच प्यायलं. लोक गेल्यावर दोघं मिळून काठावर आलो.

सत्यजीतच्या पावलामागे चार भोकं. आता एक वीत सोडून.

"हे तुमी केलंत," मी म्हटलं.

"मी? मी तर आपल्या बाजूला होतो की सकाळपासून."

"मग केलं कुनी?"

"तुम्हीच केलं असणार, काका," उदयसिंह म्हणाला. "करायचं आणि दुसऱ्यावर ढकलायचं, ही आपली जुनी सवय. त्या दगडांच्या वेळी मीही एका दगडाला विचारलं होतं, माहितीये ना?"

आणि शनिवारची वाट न बघता फळी घेऊन त्याने पट्टा तिथल्या तिथे सपाट करून टाकला. पलटणीतल्या माणसाला घाण सहन होत नाही.

तो गेल्यावर मी बसून राहिलो. चार वाजले असतील. वर विमानतळाच्या बाजूने डंपरचा आवाज येत होता, तो थांबला. तेव्हा पाण्यातून आवाज आला. बांबू दगडावर आपटल्यासारखा, पण जाड, ओला.

टक. टक.

मग तेवढीच जागा सोडून, जोरात, तिसरा.

मी म्हटलं, खाणीत आवाज फिरतो. सकाळी मी दिलेले ठोके कुठल्यातरी कपारीत अडकून आता बाहेर पडले असतील. चौथी पास माणसाला हे पटू शकतं. मी स्वतःला पटवलं आणि जरा भरभर घरी गेलो.

५

तिसऱ्या रविवारी चार भोकांतली दोन सत्यजीतच्या टाचेच्या ठशात होती.

मी उकिडवा बसलो आणि बघत राहिलो. पहिल्या रविवारी दोन विती मागे. दुसऱ्या रविवारी एक. आज दोन भोकं टाचेत, दोन बाहेर. मी हे कुठेतरी बघितलं होतं. माझ्या क्लासात बघितलं होतं. दुधी भोपळ्यावर नवी माणसं अशीच जवळ जवळ येतात. पहिला रविवार लांब, दुसरा जवळ, तिसरा कडेला.

पाण्यातून वर बघणाऱ्यालाही पाणी थाप मारतं. काठावरचा पाय असतो त्याहून वर दिसतो. दिसतो तिथे मारलं तर भाला पायामागे जाऊन पडणार. नेम बसवायचा तर खाली मारायला हवं. एक वीत खाली. हे मी काठावर उभा राहून, खड्या आवाजात, तीन रविवार सांगत होतो. मोठा एक निवड, त्याच्यावरनं डोळा काढू नको, हेही मीच सांगितलं होतं. आणि आधी सराव कर, रिकाम्या पावलावर.

चौथ्या रविवारी जिवंत.

मला हसू आलं. भीती वाटली की मला आधी हसूच येतं, खोड आहे. मग माझ्या लक्षात आलं की मी पाण्यापासून हातभर अंतरावर, अनवाणी बसलोय.

६

हेतलला मी तंबूत गाठलं. सगळं सांगितलं. भोकं, काड्या, दोन विती, एक वीत. ती वहीत काहीतरी लिहीत होती, थांबली. मग तिने कंबरेवर हात ठेवला.

"काका, दगडांची परवानगी."

"ती थाप होती."

"मिशीच्या वासाला मासे येतात म्हणून उदयसिंहांना पाण्यावर तोंड धरून अर्धा तास बसवलंत."

"तीबी थाप व्हती. पन मजा आली ना?"

"आणि हे खरं?"

"हे खरं हाय."

"चला, दाखवा."

आम्ही काठावर गेलो. उदयसिंह फळी धुऊन ठेवत होता. पट्टा आरशासारखा सपाट. एक पाऊल नाही, एक भोक नाही. "क्लीन, मॅडम," तो म्हणाला.

हेतलने चिडून बोललेलं मला चाललं असतं. ती हळू बोलली. "काका, पुढच्या रविवारी एका कंपनीची रिया येणार आहे. त्यांच्या ऑफिसातल्या लोकांना इथे वर्षभर पाठवायचं का, हे ती ठरवणार. मी बँकेतली नोकरी सोडून हा क्लास उभा केलाय. घरात कुणी माझ्याशी धड बोलत नाही. रविवारी तुम्ही फक्त नीट शिकवा. एक दिवस. मस्करी नको."

"काठावर उभं नको करू त्यांना. दुधीवरच मारू दे."

"चौथ्या रविवारी दुधी?" तिने वही मिटली. "काका, प्लीज."

मी सत्यजीतला फोन केला. म्हटलं रविवारी क्लास नाही, हेतलला गोवर झालाय. तो इतका हसला की त्याला ठसका लागला. म्हणाला, "सर, मी पाच वाजताच येतो."

बाहत्तर वर्षं मी लोकांना फसवत आलो. तेवढ्यात एकदाच खरं बोललो तर ही गत.

७

शनिवारी दुपारी मी एकटा खाणीवर गेलो. ऊन लख्ख, वारा पडलेला. लांबूनच भाला पाण्यात घालून बघायचं ठरवलं. माझा स्वतःचा भाला, दहा हात लांब, पोटावर पालथा पडून, पाय मागे खडकावर.

भाला बुडवला. सरळ दिसला.

तुम्हीही पेल्यात चमचा घालून बघा. तुटतो. प्रत्येक पाण्यात तुटतो. मी दोन हात डावीकडे सरकलो, बुडवला. तुटका. उजवीकडे सरकलो. तुटका. पुन्हा मधे, सत्यजीत उभा राहतो त्या जागेसमोर.

सरळ. पार खालपर्यंत, जिथे पाणी हिरवं होतं तिथपर्यंत.

म्हटलं ऊन डोक्यावर आहे, असं होत असेल. म्हटलं मोतीबिंदू उतरतोय. म्हटलं आनंदा, तू सकाळी ठमीच्या डोळ्यात थेंब घालताना चुकून स्वतःच्या घातलेस. एवढं सगळं म्हणून झालं आणि मी भाला हळूहळू वर घेतला.

अख्खा भाला हातात आला. चारही बोटांसकट, गळणाऱ्या पाण्यासकट.

खालचा अर्धा तिथेच राहिला.

पाण्यात उभा. त्याच्या वरच्या टोकाला चार बोटं होती, बशीएवढी फाकलेली, माझ्याकडे. बोटांच्या खाली दोरी बांधलेली होती. माझ्यासारखीच गाठ. फक्त उलट्या हाताने मारलेली, जशी शिकणारा समोर बसून बघतो तेव्हा मारतो.

मग ते खाली गेलं. घाई नाही, पाणी हललं नाही. मी मुलांना सांगतो ना, भाला काढताना पाण्याला कळू देऊ नका. अगदी तसं. इतकं चांगलं आजवर माझ्या एकाही विद्यार्थ्याने केलेलं नाही.

८

ठमाबाई दारात मांदेली साफ करत बसली होती. मी तिच्यासमोर बसलो आणि सांगितलं. तिने मान वर केली नाही. लग्नाला पंचावन्न वर्षं झाली, माझं कुठलं बोलणं खरं ते तिला मासे साफ करता करता कळतं.

"किती खोल गेलं?" तिने विचारलं.

"दिसंना झालं."

"आनी ते तुमचं बोलनं आयकतं."

"शब्दान् शब्द."

तिने मांदेलीचं डोकं मोडलं. "अवो, जनमभर मना खोटं शिकवलं. लग्नानंतर पयल्या दिवाळीला सांगितलं, करंजी उकलत्या पान्यात सोरतात. मी सोरली. सासूने बघितलं." आता तिने वर बघितलं. "आनी जिथं खोटं शिकवायचं तिथं नेमकं खरं शिकवायला गेलात?"

मी तिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडे. मग आम्ही दोघं असे हसलो की शेजारची मालू खिडकीतून डोकावून गेली.

"उद्या जेवान जास्त कर, ठमे," मी म्हटलं. "मासा एकालाबी मिलनार नाय."

"ही मांदेली मी कोनासाटी आनलीय मग?" ठमाबाई म्हणाली. दोन किलो होती.

९

चौथा रविवार. रिया आली होती, पांढरे बूट घालून. पाच मिनिटांत बूट राखाडी. मी म्हटलं, "आता तुमी आमच्यातल्या झाल्या."

बारा जण काठावर उभे राहिले, भाले घेऊन. सत्यजीत मधे. मी त्याला मागे उभं राहायला सांगितलं, तो दोन पावलं पुढे आला. पाणी त्याच्या अंगठ्यापासून हातभर.

मी खडकावर चढलो आणि अख्ख्या तळ्याला ऐकू जाईल असा ओरडलो.

"आयका! तीन रविवार मी तुमाला शिकवलं ते सगलं खोटं व्हतं! मी तुमची मस्करी केली! मासा दिसतो त्याच्या खाली नसतो, वर असतो! खाली मारायचं नाय! एक वीत वर मारायचं! वर!"

मग एकच गोंधळ. रिया हसायला लागली. हेतलने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"सर, पण फिजिक्स..." सत्यजीत म्हणाला.

"फिजिक्स तुज्या कालेजातलं! पानी पनवेलचं हाय! कोन सर हाय इथं?"

"तुम्ही, सर."

"मग कुठं मारायचं?"

"वर!" बारा जण ओरडले.

"मोठ्यानं!"

"वर!"

आणखी दोनदा वदवून घेतलं. माझा स्वतःचा आवाज फाटला. मग मी बांबू उचलला.

टक.

बारा भाल्यांची टोकं पाण्याला लागली. बारा काठ्या पाण्यात तुटल्या.

टक.

तेरावी होती. सत्यजीतच्या पायांसमोर. सरळ.

तिसरा ठोका मी दिला आणि डोळे मिटले. तुम्हाला वाटत असेल, म्हातारा भित्रा. हो, भित्रा. बारा भाले पाण्यात घुसल्याचा आवाज आला. आणि त्याच क्षणी, त्यांच्या मागून, मऊ भुकटीत काहीतरी रुतल्यासारखा एक आवाज. पिठाच्या डब्यात कुणी मुठीने मारावं तसा.

डोळे उघडले तर सत्यजीत आपल्या दोन्ही होड्यांवर उभा, गुडघ्यांवर हात ठेवून हसत होता. एकालाही मासा लागला नव्हता. सगळे एकमेकांचे रिकामे भाले बघत होते. मागे कुणीच बघत नव्हतं. मी बघितलं.

चार भोकं. तीन विती मागे.

मी खडकावरच नाचलो. बाहत्तराव्या वर्षी, लुंगी सावरत. लोकांना वाटलं त्यांना फसवल्याच्या आनंदात नाचतोय. त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग त्यांनी आणखी तासभर वरच मारलं, हट्टाने. एकही चिलापी हाती आला नाही. ठमाबाईने मांदेली तळली, तांदळाच्या भाकऱ्या थापल्या. रिया तीन भाकऱ्या खाऊन म्हणाली, "आमच्या ऑफिसातही असंच शिकवतात. इथे निदान जेवण चांगलं आहे." आणि वर्षभरासाठी हो म्हणाली.

हेतल आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. नवव्या दिवशी फोन आला, "काका, पुढच्या तुकडीलाही उलटंच शिकवा. त्यांना तेच हवंय."

१०

आता मला सगळे ‘उलटे सर’ म्हणतात. प्रत्येक तुकडीला मी पहिल्या दिवसापासून वर मारायला शिकवतो, खड्या आवाजात, तोंड तळ्याकडे करून. माझे विद्यार्थी रानात अडकले तर उपाशी राहतील, हे मला कळतं. पण कामोठ्यातून रानात अडकायला खरंच फार रिक्षा बदलाव्या लागतात.

भोकं लांब लांब गेली. चार विती. पाच. एका रविवारी तर पट्टा सोडून पार गवतात. उदयसिंह फळी फिरवताना म्हणाला, "काका, घुशी झाल्यात." मी म्हटलं, "व्हय, पन अडानी हायेत." आणि तळ्याकडे बघून जीभ दाखवली. त्या दिवसांत माझी झोपही छान झाली. फसवायला इतका मोठा विद्यार्थी आयुष्यात पहिल्यांदा मिळाला होता.

गेल्या रविवारची गोष्ट. दुपारी लोक गेले होते. मी काठावर जरा टेकलो, ठमाबाईने दिलेली भाकरी खाल्ली, पाण्यात चूळ टाकली. मग मागच्या खडकाजवळ भाले बांधायला गेलो. पाठ वळली होती ती किती वेळ? भाल्यांच्या मोळीला दोन गाठी मारायला लागतो तेवढा.

परत आलो तर माझ्या पावलात चार भोकं होती.

पावलात म्हणजे, नीट सांगतो. उजव्या टाचेचा ठसा. त्याच्या पुढे एक भोक, मागे एक, डावीकडे एक, उजवीकडे एक. चारही कडेला चिकटून, नखाएवढी जागा सोडून. टाचेच्या आतला एक कण हललेला नाही. माझ्या टाचेला पडलेल्या भेगा त्या भुकटीत उमटल्या होत्या, त्याही जशाच्या तशा.

असा नेम नवशिक्याचा नसतो. वर मारायला शिकलेल्याचा तर नसतोच.

मी खाली बसलो. आधी हसू आलं, ठरल्याप्रमाणे. मग ते थांबेचना. पोट दुखेपर्यंत हसलो. जन्मभर मी एकट्यानेच हा खेळ खेळत आलोय, समोरून कधी कुणी डाव टाकला नव्हता. इतके रविवार तो मला वर वर मारून दाखवत होता, गवतात, आणि मी जीभ काढत होतो.

हसत हसत मी पाय मात्र वर खडकावर घेतले होते.

मग पाण्यातून आवाज आला.

टक.

टक.

मी तिसऱ्याची वाट बघत बसलो. ऊन उतरलं. उदयसिंह फळी घेऊन येऊन गेला, मला हाक मारून गेला. तिसरा आला नाही.

उद्या रविवार आहे. नवी तुकडी आहे, बारा जण. आणि सगळ्यांच्या पुढे, पाण्यापासून हातभर अंतरावर, या वेळी मी उभा राहणार आहे. डाव त्याने माझ्यावर टाकलाय.